एकटा क्वार्क मी मागे घेतो

वहिनी, पूनम सागरचे सगळे रहिवासी, सरांच्या कॉलेजातून आलेली मंडळी, आणि मागे खांबांना टेकून उभे असलेले तुम्ही सगळे,

खुर्च्या कमी पडल्यात, दिसतंय मला. टँकर आला तर तुमच्यातल्या काहींना मधूनच उठावं लागेल, तेही माहीत आहे. उठा. बिनदिक्कत उठा. सर रागावणार नाहीत. ते स्वतः आपल्या सोसायटीच्या प्रत्येक मीटिंगमधून मधूनच उठायचे, आणि तेव्हा तर टँकरही आलेला नसायचा.

मला बोलणं अवघड जातंय.

हे वाक्य मी आजवर किती शोकसभांच्या बातम्यांत लिहिलं असेल! 'वक्त्यांना बोलणे अवघड झाले. वातावरण हेलावून गेले.' खरं सांगतो, बऱ्याचदा ही बातमी मी सभेच्या आधीच लिहून ठेवतो. नावं तेवढी नंतर भरायची. वातावरण हेलावणारच, त्याची वाट कशाला बघा? आज दुपारीही तसाच कागद पुढे घेतला. 'प्रा. विश्राम तेंडोलकर यांना श्रद्धांजली' एवढं लिहिलं. संध्याकाळपर्यंत कागद तसाच.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. मी मीरा-भाईंदरचा वार्ताहर. राहतो बेव्हर्ली पार्कात. गटारं, रस्ते, पाणी, उद्घाटनं ही माझी खाती. तरुणपणी पाठशाळेत न्याय आणि वैशेषिक ही जुनी दर्शनं शिकलो. त्यावर पोट भरत नाही, हे न्यायाने सिद्ध झालं, म्हणून बातम्या लिहायला लागलो.

सर मला भेटले ते तुमच्याच गेटवर, टँकरच्या रांगेत. मी पाणीटंचाईची बातमी करायला आलो होतो. हातात दोन बादल्या घेऊन उभ्या असलेल्या एका किडकिडीत माणसाला मी विचारलं, "टंचाईबद्दल तुम्हाला काय वाटतं?"

ते म्हणाले, "टंचाईबद्दल काही नाही वाटत. रांगेबद्दल वाटतं. लिहून घेता का?"

मी लिहून घेतलं. लिहून घेणं हा माझा धंदा. कळणं हा नव्हे.

ते म्हणाले, "हे सगळे बघा. कोणी गिरगावातून आलंय, कोणी लालबागमधून, कोणी थेट रत्नागिरीहून. जुन्या चाळी सुटल्या, जुने शेजार सुटले. इथे आल्यावर कोण कोणाशी जुळलं? जुना शेजारी शोधत कोणी गेलं का? नाही. रांगेत जो शेजारी उभा, त्याच्याशी जुळलं. आणि नुसतं शेजारी असून भागत नाही हं. तो बघा, तो मोटारसायकलवाला. आत्ता माझ्या खांद्याला घासून गेला. माझ्या इतक्या जवळ आज कोणी आलं नव्हतं. पण आमचं काही जुळलं का? जागा जवळची हवी आणि वेगही सारखा हवा. दोन्ही."

मी विचारलं, "हे समाजशास्त्र का?"

"नाही," सर म्हणाले. "क्वार्क."

तर मंडळी, ती माझी पहिली शिकवणी. बादल्या भरेपर्यंत चालली. परदेशात एका प्रचंड यंत्रात जड अणूंची केंद्रं जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने एकमेकांवर आपटतात. केंद्रात प्रोटॉन, न्यूट्रॉन. त्यांच्या पोटात क्वार्क. टक्कर इतकी भयंकर की प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या भिंतीच वितळतात, आणि क्षणाचा कितीतरी लहान तुकडा क्वार्कांचा एक तापलेला रस्सा होतो. मग तो रस्सा निवतो. निवताना क्वार्कांना पुन्हा घरं करावी लागतात. एक क्वार्क आणि एक प्रतिक्वार्क, असं दोघांचं घर. नाहीतर तिघांचं. जुना जोडीदार कोणी शोधत नाही. जवळ असेल आणि सारख्या वेगाने चालला असेल त्याला धरायचं. हे घर कोण कोणाबरोबर कसं करतं, याचं गणित सर मांडत होते. इथेच. पूनम सागरात, तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीतल्या टेबलावर.

त्या घरी मग मी जायला लागलो. बेल वाजवली की काशीगावच्या हिराबाई दार उघडायच्या. त्या आहेत ना इथे? आहेत. मी विचारायचो, "सर आहेत का?" हिराबाई म्हणायच्या, "हाय. पन डोकं घरात न्हाय."

माझ्या शास्त्राची मिजास मी तिथेही मिरवली. म्हटलं, "सर, यात नवीन काय? आमच्या वैशेषिकात परमाणू एकटा दिसतच नाही. दोघांचं द्व्यणुक, मग त्र्यणुक. तुमचेही दोन आणि तीन. झालं!"

सर म्हणाले, "पंडित, तुमचं त्र्यणुक किती परमाणूंचं?"

मी बोटांवर मोजलं. तीन द्व्यणुकांचं एक त्र्यणुक. म्हणजे सहा परमाणू.

"सहा," ते म्हणाले. "माझे तीन. साम्य दिसलं की लगेच मिठी मारू नये. आधी मोजावं."

हे त्यांचं वाक्य मी तेव्हा ऐकलं असतं, तर आज इथे असा उभा नसतो.

मी एकदा विचारलं, "सर, समजा एखाद्याला नाहीच घर करायचं. एखादा क्वार्क गेला पळून. मग?" वर्तमानपत्राच्या भेंडोळ्याला लावलेलं रबर त्यांनी काढलं, कापून त्याची दोरी केली, आणि माझ्या हातात दिली. म्हणाले, "याचं एक टोक मला वेगळं काढून द्या." मी ताणलं. ताणत गेलो. तुटलं. सर म्हणाले, "टोक मिळालं?" माझ्या हातात तुकडा होता, आणि तुकड्याला पुन्हा दोन टोकं. "पळणाऱ्याच्या मागे असाच जोर ताणला जातो," ते म्हणाले. "तुटतो तिथे नवी जोडी जन्मते. पळणारा एकटा सुटत नाही. कोणीच एकटा सुटत नाही, पंडित."

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. क्वार्कांच्या एका जातीला 'विचित्र' म्हणतात, हे त्यांना ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, "एक विचित्र घरात आहेच. हे पंडित आले की दोन होतात. आणि तुम्हा दोघांना चहा करून देणारी मी, तिसरी."

हसलो होतो आम्ही. तिघंही.

आता जे सांगायला आलोय ते सांगतो.

तुम्हा सगळ्यांना माझी ती बातमी माहीत आहे. पहिल्या पानावर आली होती. 'मीरा रोडच्या प्राध्यापकाने एकटा क्वार्क पकडला.' जयेशभाई, तुम्ही ती कापून, फ्रेम करून दुकानात लावलीत. दुधाच्या फ्रीजच्या वर. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचात, "अपने बिल्डिंग का सर है! फॉरेनवालों को नहीं मिला, सर ने पकड लिया!" तुमच्या मनात किती कौतुक होतं, मला माहीत आहे. सरांनाही माहीत होतं. म्हणून त्यांनी तुम्हाला कधी फ्रेम उतरवायला सांगितली नाही. चौदा महिने, रोज सकाळी, त्या फ्रेमखालून ते दुधाची पिशवी घेऊन गेले.

कारण ती बातमी खोटी होती, जयेशभाई.

एकटा क्वार्क कोणालाच मिळत नाही. सरांचं सगळं काम, रांगेपासून रबरापर्यंत, याच एका गोष्टीवर उभं होतं. ते मला म्हणाले होते, "त्या रश्शात, क्षणापुरते, क्वार्क आपापल्या प्रोटॉनच्या बंधनातून मोकळे असतात." मी 'त्या रश्शात' गाळलं. 'क्षणापुरते' गाळलं. 'मोकळे' ठेवलं. आणि जो मोकळा फिरतोय त्याला कोणीतरी पकडायला नको का? पकडला.

सर शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका मोठ्या संस्थेच्या ग्रंथालयात जायचे. मंगळवारी आणि शुक्रवारी. कॉलेजातल्या माणसाला तिथे बसायची परवानगी मिळणं सोपं नाही, त्यांना मिळाली होती. जगभरातले नवे लेख तिथे येतात. बातमी छापून आली त्या आठवड्यात ते गेले, तर तिथल्या फलकावर माझं कात्रण लावलेलं. खाली कोणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'पिंजऱ्याचाही फोटो छापा.'

सरांनीच मला हे सांगितलं. हसत सांगितलं. "चांगला विनोद आहे, पंडित. तुम्हालाही सुचला नसता."

पुढच्या मंगळवारी ते गेले नाहीत. शुक्रवारी गेले नाहीत. पुन्हा कधीच गेले नाहीत.

माझ्याकडे त्यांनी एकच गोष्ट मागितली. दुरुस्ती. सहा ओळींची. स्वतःच लिहून आणली होती, एका पाठकोऱ्या कागदावर. "एवढं छापा. आतल्या पानावर चालेल. कोपऱ्यात चालेल."

मी म्हटलं, "या आठवड्यात छापतो."

त्या आठवड्यात पाण्याचा मोर्चा होता. मग निवडणूक आली. मग एक पूल खचला. मग गणपती. काही ना काही कायम होतंच. गेटवर भेटले की सर विचारायचे, "जागा मिळाली का?" मी म्हणायचो, "बघतोय, सर." पुढे पुढे त्यांनी विचारणं सोडलं. नुसते बघायचे. मग बघणंही सोडलं. आणि मला, काय सांगू तुम्हाला, मला सुटल्यासारखं वाटलं.

जागा नव्हती का? काशिमीऱ्याच्या एका हॉटेलच्या उद्घाटनाला मी दोन रकाने दिले. फोटोसकट. सहा ओळींना जागा नव्हती?

बरं, हे तरी निम्मंच आहे. उरलेलं अजून सांगितलेलं नाही. वहिनी, तुम्हालाही सांगितलेलं नाही.

बातमी आली तेव्हा मी तुमच्या घरी धावत आलो होतो. आठवतं? म्हटलं होतं, "सर, मजकूर माझा, पण मथळा माझा नाही. मथळे ऑफिसात देतात. उपसंपादकाने घोळ केला." सर म्हणाले, "असू द्या, तुमचा काय दोष?" तुम्ही मला पाणी दिलंत. त्यानंतर चौदा महिने हेच मी सगळ्यांना सांगत आलो. इथल्या निम्म्या लोकांना सांगितलंय.

मथळा मीच दिला होता.

ऑफिसातल्या माणसाने फोन करून विचारलंही होतं. "एकटा क्वार्क? नक्की ना?" मी म्हटलं, नक्की. मला तेव्हाही माहीत होतं. रबर माझ्या हातात तुटलं होतं हो! आणि पाठशाळेत मी तरी दुसरं काय शिकलो होतो? एकटा परमाणू दिसत नाही, हे घोकून घोकून पाठ केलेला माणूस मी. पण गटारांच्या बातम्या लिहून वीस वर्षं झाली होती, पहिलं पान कधी मिळालं नव्हतं. 'क्वार्क कसे जुळतात याचे गणित चालू' याला पहिलं पान कोण देतं?

हे मी सरांना सांगणार होतो. कधी? पुढच्या आठवड्यात.

तेरा दिवसांपूर्वी, दुपारी, गॅलरीतल्या टेबलावर बसल्या बसल्या सर गेले. हिराबाई चहा घेऊन गेल्या. त्यांना वाटलं, नेहमीसारखं, डोकं घरात न्हाय. चहा ठेवून त्या परत आल्या.



सर गेल्यानंतर चौथ्या दिवशी परदेशातून एक पाकीट आलं. ग्रंथालय सुटल्यापासून सर थेट प्रयोग करणाऱ्यांनाच पत्रं लिहायचे. त्यातल्या एकाचं हे उत्तर. काल वहिनींनी मला बोलावलं. दारातच पाकीट हातात दिलं. सर गेल्यापासून माझ्याशी बोललेली त्यांची ही पहिलीच वाक्यं. त्या म्हणाल्या, "तुम्ही इंग्रजी वाचता. वाचा, आणि उद्या सभेत सगळ्यांसमोर सांगा त्यात काय आहे ते. मथळा नको."

मथळा नको.

म्हणून सावकाश सांगतो. सरांनी मला एक कसोटी शिकवली होती, माझ्यासारख्यालाही लावता येईल अशी. एक विचित्र क्वार्क असलेला कण, दोन असलेला, तीन असलेला. प्रत्येकाचा एक उलटा कण असतो, प्रतिक्वार्कांचा. साधे क्वार्क अणुकेंद्रांबरोबरच आलेले असतात, म्हणून रश्शात त्यांचं पारडं जड. विचित्र तिथेच जन्मतात, आपल्या उलट्यासकट, जोडीने. म्हणून घरात विचित्र जितके जास्त, तितकं उलट्या कणांचं प्रमाण वाढायला हवं. पायरी पायरीने. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा. तिसरा दुसऱ्यापेक्षा मोठा. "उतरला तर माझं गणित चुकलं," असं सर म्हणायचे.

पत्रात एक, दोन आणि तीन विचित्रांचे असे तीन रकाने आहेत. पहिल्यात आकडा आहे. दुसऱ्यात आकडा आहे, आणि तो पहिल्यापेक्षा मोठा आहे.

तिसऱ्यात आडवी रेघ आहे. ते कण फार थोडे सापडलेत, मोजणी चालू आहे, असं लिहिलंय.

म्हणजे सर बरोबर होते का? काल रात्रभर माझ्या डोक्यात मथळा नाचतोय, मंडळी. तुम्हीही तो आता मनात वाचला असेल. पण सर असते तर म्हणाले असते, "पंडित, दोन पायऱ्या म्हणजे जिना नव्हे. आणि तिसरी चढती निघाली तरी दुसऱ्या कोणाच्या गणितातूनही तीच निघू शकते. आधी मोजावं." म्हणून एवढंच सांगतो. दोन आकडे आले, ते चढते आहेत, तिसरा यायचा आहे. याहून जास्त मला माहीत नाही. हे पत्र नीट वाचू शकेल असा या इमारतीत एकच माणूस होता, त्याचा फोटो मागे आहे, आणि फोटोला हार आहे.

पत्रातली पहिली ओळ मात्र मला समजली. ती समजायला भौतिकशास्त्र लागत नाही. 'यातले पहिले दोन आकडे आपण आमच्या वसंतातल्या लेखात पाहिलेच असतील.'

वसंतातल्या लेखात. तो लेख कुठे येतो? त्या ग्रंथालयात. आज सकाळी मी तिथे गेलो. मंगळवार ना आज. दारावरच्या माणसाला लेखाचं नाव दाखवलं. त्याने पाच मिनिटांत काढून दिला. कित्येक महिने तो तिथे फडताळात होता. सर एका जरी शुक्रवारी गेले असते, तरी त्यांनी तो पाहिला असता. चढते दोन आकडे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले असते.

ते का गेले नाहीत, हे आता तुम्हाला माहीत आहे.

क्षमा मागायला मी उभा नाही. ज्याच्याकडे मागायची तो ऐकत नाही, आणि उरलेल्यांनी ती द्यावी असं मी काही केलेलं नाही. मी फक्त सहा ओळी वाचतो. पाठकोरा कागद चौदा महिने माझ्या डायरीत होता. घडीवर फाटलाय. सरांच्याच शब्दांत वाचतो.

'दुरुस्ती. प्रा. तेंडोलकर यांनी क्वार्क पकडलेला नाही; एकटा क्वार्क आजवर कोणालाही सापडलेला नाही. जड अणुकेंद्रांच्या टकरीत क्वार्क क्षणभर मूळ कणांच्या बंधनातून सुटतात असे मानतात. निवताना जवळचे व सारख्या वेगाचे क्वार्क दोन-दोन, तीन-तीन जुळून नवे कण होतात. ते कसे जुळतात याचे गणित प्राध्यापक मांडत आहेत. ते बरोबर आहे की नाही हे ठरायचे आहे. आधीची चूक वार्ताहराच्या नजरचुकीने झाली.'

शेवटची ओळ माझ्यासाठी होती. मला वाचवायला घातलेली. सर, ती एक ओळ मी छापणार नाही. नजरचूक नव्हती. बाकीच्या पाच उद्या छापून येतील. न आल्या, तर परवा तुम्हाला तुमच्या भागाचा दुसरा वार्ताहर दिसेल. जयेशभाई, फ्रेम उतरवू नका. तिच्याखाली हे लावा. दोन्ही राहू देत, म्हणजे दूध घेणाऱ्याला वाचायला वेळ लागेल.

आता उभे राहूया. टँकरचा भोंगा ऐकू येतोय, पण तो थांबेल दोन मिनिटं. हिराबाई, तुम्हीही या पुढे, अशा भिंतीला नका उभ्या राहू.

एक विनंती आहे. माझ्या बातमीत मी एक एकटा क्वार्क उभा केला होता. तो आज मागे घेतो. तेव्हा इथे कोणीही एकटं उभं राहू नका. शेजारी जो असेल त्याच्याजवळ सरका. नाव माहीत नसेल तरी चालेल. दोघं-दोघं, तिघं-तिघं.

वहिनींच्या उजवीकडची खुर्ची कोणीच घेतलेली नाही. वहिनी, तुमची हरकत नसेल तर तिथे मी येऊन उभा राहतो. हरकत असेल तर नुसती मान हलवा. जयेशभाई येतील, हिराबाई येतील. मी इथेच, सरांच्या फोटोजवळ थांबेन.

डोळे मिटा. सरांना नमस्कार.